एक मेल्याकडं, एक जित्याकडं

सरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते मेलेले होते.

माझ्या नोकरीचा पहिला दिवस, सकाळचे साडेनऊ. नांदेडात नदीच्या अंगाला आमचं डायलिसिस सेंटर. खाली मशीनचा हॉल, हॉलच्या टोकाला काचेची केबिन. केबिनमध्ये खुर्चीत एक पन्नाशीचा माणूस ताठ बसलेला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे अर्धे उघडे, नाकावर माशी. माशी नाकावरून ओठावर आली, ओठावरून डोळ्याच्या कोपऱ्यात गेली, तरी पापणी हलली नाही. मी दारात उभी, हातात नेमणुकीचा कागद. "सर," म्हटलं. काही नाही. "सर, मी नवीन टेक्निशियन." काहीच नाही. वळून पळणार, तेवढ्यात गेटवरचे खाजाचाचा मागं येऊन हळूच म्हणाले, "उनसे बात नक्को करो बेटी. आज साब मरे हुए हैं. पाँच बजे उठते."

मला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलंय. पण हॉलमध्ये बघते तर सगळं सुरळीत चाललेलं. मशीनी फिरत होत्या, पेशंट पडून होते, नर्स शोभाबाई इकडून तिकडं जात होत्या. केबिनकडं कुणी मान वळवून बघत नव्हतं. शोभाबाईंनी मला ॲप्रन दिला आणि कामाला लावलं. दिवसभर त्या काचेपलीकडच्या माणसाकडं माझी पाठ होती आणि पाठीला मुंग्या आल्यासारखं होत होतं.

बरोबर पाच वाजता खुर्ची करकरली. सरांनी माशी हाकलली, चष्मा घातला, "हां, उठलो बगा," म्हणाले आणि मांडीवरचा कागद घेऊन बाहेर आले. दिवसभर मेलेल्या या माणसानं पेन्सिलीनं सगळ्यांच्या चुका टिपल्या होत्या, वेळेसकट. "नऊ बत्तीस. नवी बाई आली. तू कोण म्हणून कुणी इचारलं न्हाई. चोर आसती तर?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन् तू गं बाई. मेल्या माणसाला दोन डाव सर म्हनलीस. मेलेला काय सांगणार हाय? बाजूला जित्ता आसतो, त्याला इचारायचं."

असे आमचे सर. सेंटरचे व्यवस्थापक. मालक डॉक्टर होते, ते दुपारून यायचे. बाकी सगळा कारभार सरांचा. महिन्यातून एक दिवस ते मरायचे. कधी, ते कुणाला सांगायचे नाहीत. सकाळी खुर्चीच्या हातावर पांढरी दस्ती, त्यांचा हातरुमाल, अडकवलेली दिसली की समजायचं, आज सर नाहीत. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावाचून पाचपर्यंत सेंटर चालवायचं.

मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "सर, हे सोंग कशापायी?"

"किराणा दुकान दोन दिस बंद ऱ्हायलं तर लोक दुसऱ्या दुकानात जातेत," सर म्हणाले. "आपलं बंद ऱ्हायलं तर वर जातेत."

यात खोटं काही नव्हतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनमधून धुवून काढावं लागतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. ते मी नुसतं शिकून नाही, घरात बघून बोलते. माझी आक्का आमच्याच सेंटरची पेशंट. भोकरजवळचं आमचं गाव. आई लवकर गेली, आक्कानंच मला वाढवलं, स्वतः रोजंदारीला जाऊन शिकवलं. तिची मूत्रपिंडं गेली तेव्हा मी हा कोर्स केला आणि हीच नोकरी धरली. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती एसटीनं यायची आणि चार नंबरच्या मशीनवर पडायची. सेंटर बंद पडणं म्हणजे माझ्यासाठी आक्का जाणं, एवढं सरळ होतं ते.

सर नुसते स्वतः मरून थांबायचे नाहीत. दर शनिवारी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन यायचे. आत चिठ्ठ्या. लाइट, पाणी, कॉम्प्युटर, फोन, औषधाचं कपाट, शोभाबाई, खाजाचाचा, मी. जी चिठ्ठी निघेल ती गोष्ट पाचपर्यंत मेली. कॉम्प्युटर मेला तर प्रत्येकाची माहिती कुठून आणायची? म्हणून प्रत्येक खाटेच्या पायाला हातानं लिहिलेलं कार्ड टांगलेलं: रक्तगट, कोरडं वजन म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, कोणतं औषध सोसत नाही. लाइट मेली तर मशीनला एक हँडल असतं, ते हातानं फिरवून बाहेरचं रक्त पेशंटच्या अंगात परत घालता येतं. ते हँडल सरांनी पेशंटच्या नातेवाइकांनाही शिकवलं होतं. आक्का कुरकुरायची, "मला काय दळण समजून ऱ्हायलेत का हे?"

माणसाची चिठ्ठी निघाली की त्यानं दाराबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायचं, मेलेलं. शोभाबाईंची निघाली त्या दिवशी बाई बाकड्यावर बसून हमसून हमसून रडल्या. घरी सासूनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. धर्माबादचे एक व्यापारी पेशंट होते, ते भडकलेच. "अहो, दवाखान्यात मरणाची सोंगं कशाला आणता? अभद्र!"

"शेटजी, सोंग आज करून घेतो," सर म्हणाले. "खरं आलं की तालमीला टाइम नसतो."

चिठ्ठीचं एक मात्र मला अजून उलगडलेलं नाही. एका शनिवारी 'पाण्याची मोटर' निघाली आणि बुधवारी मोटर खरंच जळाली. "डब्यात काहीतरी हाय बाई," शोभाबाई म्हणाल्या. मी थेट सरांना गाठलं. ते हसले. "ती मोटर महिनाभर रडून राहिली व्हती. तुमी कुणी कान दिला न्हाई. म्हणून तिच्या चार चिठ्ठ्या टाकल्या डब्यात. कवा ना कवा निघणारच." मला पटलं. पण माझा स्वभाव वाईट. सर नसताना डबा उघडून सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या. मोटरची एकच होती. मी डबा होता तसा ठेवून दिला आणि हे कुणाला बोलले नाही.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं. आमच्या दारापर्यंत येऊन थांबलं. आमचं डिझेल वर, औषधं वर, पाण्याची टाकी वर, त्यामुळं आमचं काही अडलं नाही. गावातलं दुसरं एक सेंटर बंद पडलं आणि तिथले पेशंट आमच्याकडं आले. बिचाऱ्यांना स्वतःचं कोरडं वजन माहीत नाही, रक्तगट माहीत नाही. सगळं कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर पाण्यात. सरांनी एकेकाला समोर बसवून, पायाची सूज अंगठ्यानं दाबून दाबून, डॉक्टरांना विचारून अंदाजानं कार्डं लिहिली. दोन दिवस सलग पाळ्या चालवल्या. एकही माणूस गेला नाही. धर्माबादचे शेटजी पेढे घेऊन आले, "तुमचं ते सोंग लई कामाला आलं," म्हणाले. सर मात्र खूश नव्हते.

"पाणी सांगून आलं," मला म्हणाले. "दोन दिस आधीपासून बातम्या व्हत्या. सांगून येणाऱ्याला कुणी बी तोंड देतंय. न सांगता येतंय, ते खरं."

त्या दुपारी, चिखल धुऊन काढताना, त्यांनी मला जीपची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही, थांबले नाहीत. खराटा मारता मारता सांगून टाकली.

सरांचं गाव औशाकडचं. भूकंपात सगळं गाव पडलं, तेव्हा ते विशीत होते आणि बाहेर अंगणात निजले म्हणून वाचले. त्यांच्या वडिलांची जीप होती, दुधाचे कॅन लातूरला न्यायची. गावात गाडी म्हणाल तर ती एकच. उजाडलं तेव्हा ती जीप मोकळ्यात उभी, तिला ओरखडा नाही, टाकी भरलेली. सरांची आई मातीतून निघाली ती जिवंत निघाली, पोटाला मार होता, शुद्धीवर होती. आणखी चार-पाच माणसं तशीच. लातूरला न्यायचं तर किल्ली पाहिजे, आणि किल्ली बापाच्या कमरेला, करदोड्यात. बाप ढिगाऱ्याखाली.

"हातानं उकरून राहिलो," सर म्हणाले. "दुपार झाली तव्हा बापाची कंबर सापडली. तोंड आधी सापडलं आसतं तर रडलो आसतो. कंबर सापडली, म्हणून नुस्ती किल्ली काढली. जीप चालू केली. तवर माय ऱ्हायली न्हवती."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दुसरी किल्ली नव्हती का सर?"

"व्हती की. त्याच करदोड्याला." आणि पुढं म्हणाले, "ध्यानात ठेव बाई. किल्ली दोन. एक मेल्याकडं, एक जित्याकडं."

आमच्या जनरेटरच्या खोलीला लोखंडी दार होतं. डिझेल चोरीला जातं म्हणून सरांनी त्याला बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप लावलेलं. त्याच्या दोन किल्ल्या. एक सरांच्या कमरेला करदोड्यात, बापासारखीच. दुसरी केबिनसमोर हॉलच्या भिंतीवर, काचेच्या दाराच्या लाकडी पेटीत, खिळ्याला. दिवसातून दहादा सर जाता येता विचारायचे, "किल्ली कुणाकडं?" आम्ही न बघता ओरडायचो, "एक मेल्याकडं, एक जित्याकडं!" पेशंटसुद्धा ओरडायचे. लहान मुलांच्या पाढ्यासारखं झालं होतं ते. तोंडानं म्हणत होतो आणि डोळ्यांनी बघत नव्हतो, हे मला नंतर कळलं.

एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, मरायचंच तर आडवं व्हा की निवांत. दिवसभर ताठ बसून पाठ दुखत नाही का?"

"आमच्यात मेल्यावर निजवत न्हाईत," ते म्हणाले. "बसवतेत. मातीत बी बसवूनच ठेवतेत. सवय करून राहिलो."

आणि खुदकन हसले. मला काही हसू आलं नाही.

आता तो मंगळवार. माझी चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. सोमवारी जनरेटरचा मेकॅनिक आला होता. पेटीतली किल्ली घेऊन मीच दार उघडून दिलं. काम झाल्यावर किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, ठेवते जरा वेळानं म्हणून. संध्याकाळी पर्सचा पट्टा तुटला. मंगळवारी मी दुसरी पिशवी घेऊन कामावर आले. किल्ली खोलीवर, रेल्वेलाइनच्या पलीकडं, खुंटीला टांगलेल्या तुटक्या पर्समध्ये.

सकाळी आले तर खुर्चीच्या हातावर दस्ती. सर मेलेले. आम्ही नेहमीसारखं कामाला लागलो. सव्वादहाच्या सुमारास शोभाबाई काचेतून आत डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "आज तर लईच रंगात हायेत. ओठाचा रंग बी बदललाय." आम्ही दोघी तोंडाला पदर-रुमाल लावून हसलो. माझं चित्त खरं तर ठिकाणावर नव्हतं. शनिवारी भाचीचा साखरपुडा होता, त्यापायी आक्कानं पाळी चुकवली होती. वर पाव्हण्यांच्या आग्रहानं नारळपाणी प्याली होती, जे तिला वर्ज्य. बाराच्या एसटीतून उतरून गेटपासून आत येईपर्यंत तीनदा बसली. तोंड सुजलेलं, छातीत घरघर. तशातही केबिनकडं बघून म्हणाली, "बसला का गं तुमचा मुडदा?"

मी तिला दम दिला, बोलू नको म्हटलं आणि मशीनवर घेतलं. वीस मिनिटं झाली असतील. लाइट गेली.

तशी ती रोजच जाते. मशीनला स्वतःची बॅटरी असते, तेवढ्यावर रक्त थोडा वेळ फिरत राहतं. पण पाण्याचा प्लँट बंद पडतो, आणि पाणी नाही तर रक्त धुतलं जात नाही, नुसतं फिरतं. हे काही नवीन नव्हतं. चिठ्ठीत शंभरदा मेलेली लाइट ती. मी पेटीकडं गेले, पेटी उघडली. खिळा मोकळा.

खुंटीवरची पर्स मला लख्ख दिसली. जाऊन यायला पाऊण तास. खाजाचाचांना ओरडले, "चाचा, कुलूप तोडा!" त्यांनी लोखंडी कांब घेतली आणि घाव घालायला लागले. घाव ऐकू येत होते आणि कुलूप तुटत नव्हतं. सरांनी पसंत केलेलं कुलूप ते. तोवर इकडं नातेवाइकांनी न सांगता हँडलं धरली होती. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, शांतपणे गोल गोल फिरवत होते. तिघांचं रक्त अंगात परत गेलं, शोभाबाईंनी सुया काढल्या. त्या तिघांची पाळी उद्या घेता आली असती. आक्काची उद्या नव्हती. डॉक्टर लातूरला गेलेले. फोन लावला तर म्हणाले, निघतो, पण तीन तास लागतील. आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. ओठ निळे पडत चालले होते. "बुडून राहिले गं मी," म्हणाली. "पाण्यात बुडून राहिले."

तिचा हात सोडवून मी केबिनकडं पळाले.

दारातूनच ओरडले, "सर, बास आता! किल्ली द्या!" ते बसलेलेच. डोळे अर्धे उघडे, ओठावर माशी. माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांत त्यांना कधी बोलले नव्हते तसं बोलले. "माझी आक्का मरून राहिली तिकडं आणि तुम्ही सोंग धरून बसलात? लाज वाटत नाही का तुम्हाला? उठा! उठा म्हणते ना!" माशी उडाली आणि परत तिथंच बसली.

बाईमाणसानं परक्या पुरुषाच्या कमरेला हात कसा घालायचा, हा विचारसुद्धा त्या वेळी मनात आला बघा. मग घातला. शर्ट वर ओढला, करदोडा चाचपला, आणि बोटं पोटाला लागली.

पोट गार होतं.

मला कळलं. तिथंच, त्याच क्षणी सगळं कळलं. मी ओरडले नाही. त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही, ते बरं केलं. करदोड्याची गाठ सुटेना, तेव्हा खिशातली बँडेजची कात्री काढून दोरा कापला. किल्ली घेतली आणि पळाले. खाजाचाचांच्या हातातली कांब बाजूला सारली, कुलूप उघडलं, जनरेटर सुरू केला. तो धडधडला. आत प्लँटचं पाणी वाजायला लागलं. चार नंबरच्या मशीनवर हिरवा दिवा लागला. आक्काचं बोट दाबून नखाचा रंग बघितला, ऑक्सिजनचा मास्क नीट बसवला, मशीनचे आकडे बघितले. मग शोभाबाईंजवळ गेले.

"शोभाबाई, सर मेलेत."

"म्हाईत हाय मला," त्या पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. वरही बघितलं नाही. "पाचपत्तूर."

"न्हाई हो बाई. खरं."

आता त्यांनी वर बघितलं. मग हातातली पट्टी टाकून धावल्या. आम्ही सरांना खाली घेतलं, छाती दाबली, दाबत राहिलो. पाय सरळ होईनात. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, हृदय बंद पडलंय, आणि तेही सकाळीच कधीतरी. म्हणजे आम्ही हसलो तेव्हाच्या आसपास. एवढा वेळ आम्ही एका प्रेताच्या समोर पेशंट लावले, सुया टोचल्या, चहा प्यालो, आणि त्या कामात एकानंही चूक केली नाही.

त्या दिवशी सेंटर बंद केलं नाही. आक्काचे चार तास पुरे झाले, ती उठून बसली, पाणी मागायला लागली. सर केबिनमध्ये होते, तोंडावर त्यांचीच दस्ती. लातूरकडून त्यांचे चुलत भाऊ यायला निघाले होते. पाच वाजले. हॉलमधली सगळी माणसं, पेशंटसुद्धा, काचेकडं बघायला लागली. खुर्ची करकरायची वाट बघत होतो आम्ही. मी स्वतः बघत होते, जिनं त्यांच्या पोटाला हात लावला होता ती. पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा शोभाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि त्यांना रडू फुटलं.

त्यांच्या गावी गेलो आम्ही सगळे. भूकंपानंतर नवीन वसवलेलं गाव, सरळ रस्ते, सारखी घरं. खड्ड्यात त्यांना बसवलं. कपाळाला विभूती, मांडी घातलेली, पाठ ताठ. वरून बेल आणि माती पडत होती, आणि ते तसेच, रोजच्या खुर्चीतल्यासारखे. मला राहून राहून वाटत होतं, हे सगळं ऐकून राहिलेत आणि वर आल्यावर वाचून दाखवणार. डोळे पुसायला हात वर केला तो मध्येच थांबला माझा, कुणीतरी वेळ टिपत असल्यासारखा.

परत आल्यावर केबिन झाडताना खाजाचाचांना खुर्चीखाली तो कागद सापडला. त्यांना मराठी वाचता येत नाही. माझ्या हातात दिला. मी तो मशीनच्या हॉलमध्ये उभ्या उभ्या वाचला.

"नऊ पाच. शोभा उशिरा.
नऊ चाळीस. पेटीत किल्ली न्हाई. कोण बघतंय बघू.
दहा. आजून कुणी बघितलं न्हाई.
दहा पंधरा. छातीत कळ. हाक मारू का?
दहा वीस. शोभा काचेतून बघून गेली. थांबली न्हाई. बरोबर."

शेवटचा शब्द ओळीवरून खाली घसरलेला. त्याच्या खाली काही नाही.

मला आधी भयंकर राग आला. कार्डं लिहिली, हँडलं शिकवली, डिझेल वर नेलं, कॉम्प्युटरला मारून बघितलं, मोटरला मारून बघितलं. एवढी सगळी सोय केली माणसानं, आणि मेलेल्यानं हाक मारायची सोय तेवढी ठेवली नाही. नियम मोडेल म्हणून बसून राहिला. किल्ली नाही हे दिसत होतं, तरी बसून राहिला. मग त्या रागाचं रडू झालं, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि ते मला ओरडायचे राहून गेले. मी कागद घेऊन चार नंबरजवळ गेले. आक्काला वाचून दाखवला. जीपची गोष्ट तिला मी सांगितलेली होती. ती म्हणाली, "त्येच्या मायच्या वक्ताला किल्लीनं उशीर केला. माझ्या वक्ताला न्हाई केला. त्येच्यासाठीच बसला आसल त्यो." असं काही नसतं, हे मला माहीत आहे. तरी तिला तसं म्हटलं नाही.

डॉक्टरांना मी किल्लीचं सगळं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. उलट सहा महिन्यांनी व्यवस्थापक केलं. आता एक किल्ली माझ्या कमरेला आहे, दुसरी पेटीत. सकाळी आल्या आल्या पेटी उघडून मी खिळ्यावरच्या किल्लीला हात लावते. नुसतं तोंडानं म्हणायचं बंद केलं.

महिन्यातून एक दिवस मरायचं मात्र चालू ठेवलंय. कधी मी, कधी शोभाबाई, कधी खाजाचाचा. पण नियमात मी एक ओळ वाढवली. दर तासाला एकानं जायचं, मेलेल्याच्या हातावर हात ठेवायचा आणि विचारायचं, "हाय का?" मेलेल्यानं उत्तर द्यायचं, "हाय." उत्तर आलं नाही तर सगळं सोडून ओरडायचं. नवीन लोकांना गंमत वाटते. पेशंट म्हणतात, मेलेला बोलतो होय? मी म्हणते, आमच्याकडं बोलतो.

सरांची खुर्ची केबिनमध्येच आहे. मेलेल्यानं तिच्यावर बसायचं नाही, त्याला वेगळी दिलीय. मरायच्या दिवशी सरांच्या खुर्चीच्या हातावर दस्ती अडकवते मी. आणि दर तासाला, मेलेल्याचं "हाय" ऐकून झालं की, दोन पावलं पुढं जाऊन त्या खुर्चीच्या हातावर हात ठेवते. हे नियमात लिहिलेलं नाही, आणि शोभाबाई बघून न बघितल्यासारखं करतात.

"सर, हायेत का?" विचारते.

आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबते. मग चार नंबरवर आक्का असते, तिच्याकडं जाते.